कोरलेलें अक्षर आणि भरलेलें अक्षर

अक्षर उमटविण्याच्या दोन रीती मनुष्यास फार प्राचीन काळापासून माहीत आहेत. एकींत पृष्ठभागावर कांहीं तरी ठेवावयाचें असतें. मग ती शाई असो, गेरू असो, कीं सोन्याचें पाणी असो. दुसरींत पृष्ठभागांतून कांहीं तरी काढून टाकावयाचें असतें. पहिलीस आपण लिहिणें म्हणतों व दुसरीस कोरणें. भूर्जपत्रें, पोथ्या व बखरींचीं बाडें हीं पहिल्या कुळांतलीं. शिलालेख, ताम्रपट व नाण्यांचे साचे हीं दुसऱ्या कुळांतलीं. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरी रीत आहे. आधीं कोरावयाचें, आणि मग त्या कोरलेल्या खळग्यांत कांहीं भरावयाचें, अशी ही जोडक्रिया होय. ताम्रपटाच्या अखेरीस तो कोणीं कोरला त्याचें नांव पुष्कळदां दिलेलें असतें. परंतु कोरलेल्या अक्षरांत रंग, काजळ वा धातु भरणाराचें नांव कोठें आढळत नाहीं. जणूं काय ती क्रिया कोणीही करावी, व करणाराची कोणी विचारपूस करूं नये!

हा विषय आज वाचकांपुढें मांडण्यास एक निमित्त आहे. हातानें कांतून केलेल्या झरण्यांची, म्हणजे ज्यांस फाउंटन पेन म्हणतात त्यांची, आवड गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांत पुनः दिसूं लागली आहे. मुलास पदवी मिळाली, शिक्षक सेवेंतून निवृत्त झाले, किंवा वडिलांची साठी भरली, म्हणजे अशी झरणी भेट देतात व तिजवर नांव घालून घेतात. हें नांव आतां बहुधा लेसर नांवाच्या प्रकाशकिरणानें कोरलें जातें, आणि त्यांत पांढरा, सोनेरी किंवा तांबूस रंग भरला जातो. यावर एक पक्ष म्हणतो कीं, नांव यंत्रानें कोरलें म्हणजे झरणी हातकामाची राहिली नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, अक्षर सुबक उठलें म्हणजे झालें. तें कोणीं कोरलें याची पंचाईत कशाला? दोन्ही पक्ष बोलतात तें कोरण्याविषयींच बोलतात. भरण्याकडे कोणाचेंच लक्ष दिसत नाहीं. आमच्या मतें या वादाचा निकाल भरण्याच्या बाजूनें लावला पाहिजे, आणि त्यासाठीं इतिहासाची साक्ष काढणें अवश्य आहे.

पहिली साक्ष आपल्याच देशांतील ताडपत्रांची. अकराव्या शतकांत अल्बेरूनी यानें हिंदुस्थानाचें जें वर्णन लिहिलें त्यांत, दक्षिणेंतील लोक ताडाच्या पानांवर लिहितात व मध्य आणि उत्तर भागांतील लोक भूर्जाच्या सालीवर लिहितात, असें नमूद केलें आहे. उत्तरेकडेही ताडपत्रें होतीं, पण तेथें त्यांवर शाईनें लिहीत. दक्षिणेंत आणि ओरिसांत मात्र लोखंडी कंटकानें पानावर अक्षर कोरीत. असें कोरलेलें पान हातांत घेतलें तर प्रथम कांहींच दिसत नाहीं. पानाच्या रंगांत अक्षराचा रंग मिळून गेलेला असतो. मग दिव्याचें काजळ तेलांत कालवून तें सबंध पानावर चोळावयाचें आणि कापडानें पुसून टाकावयाचें. पुसतांना सपाट भागावरचें काजळ जातें व खळग्यांतलें राहतें. आणि क्षणांत सबंध ओळ काळीभोर उभी राहते. तंजावरच्या सरस्वती महालांत, जेथें आपल्या भोसले राजांनीं आणि विशेषतः सरफोजी महाराजांनीं ग्रंथसंग्रह वाढविला, तेथें कागदावरील मराठी व मोडी लिखाणांच्या शेजारीं अशीं कोरींव ताडपत्रें मोठ्या संख्येनें आहेत. कालांतरानें काजळ फिकट होतें. तें झालें म्हणजे संग्रहालयांतील माणसें पान स्वच्छ करून त्यावर पुनः तेल व काजळ फिरवितात, आणि अक्षर पुनः बोलूं लागतें.

या साध्या गोष्टींत आमच्या विषयाचें सारें मर्म आलें आहे. शाईनें लिहिलेलें अक्षर एकदां पुसलें म्हणजे गेलें. कोरून भरलेल्या अक्षराचे दोन प्राण असतात: एक खळगा व दुसरें भरण. भरण गेलें तरी खळगा राहतो आणि पुनः भरतां येतो. कोरणें एकदांच घडतें. भरणें पिढ्यान्‌पिढ्या चालूं शकतें. म्हणून कोरणाराचें काम जितकें धीटपणाचें, तितकें भरणाराचें काम जपणुकीचें आहे.

दुसरी साक्ष युरोपांतील सोनारांची. रुप्याच्या भांड्यावर नक्षी कोरून तींत काळा मसाला भरण्याची कला तिकडे फार जुनी आहे; तिला नीएलो म्हणतात. रुपें, तांबें व शिसें हीं एकत्र वितळवून त्यांत गंधक घालावयाचा, थंड झाल्यावर त्याची पूड करावयाची, ती खळग्यांत दाबून भरावयाची आणि भांडें तापवावयाचें. पूड वितळून खळग्यांत बसते. मग कानशीनें वरचा फाजील भाग घांसून काढावयाचा व जिल्हई द्यावयाची, म्हणजे पांढऱ्या रुप्यावर काळी रेघ निघते. बाराव्या शतकांत थिओफिलस नांवाच्या ख्रिस्ती साधूनें कारागिरीवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला त्यांत ही कृति तपशीलवार दिली आहे. आणि १५६८ सालीं छापलेल्या सोनारकामावरील प्रबंधांत फ्लॉरेन्सच्या चेल्लीनीनें तिच्याविषयीं स्वतंत्र विवेचन केलें आहे. मसाला जास्त तापला तर त्यांत बुडबुडे राहतात व रेघ सच्छिद्र होते. कमी तापला तर कड धरीत नाहीं. घांसतांना हात जड पडला तर बारीक रेघच नाहींशी होते. म्हणजे कोरणें संपल्यावर काम संपत नाहीं, त्याचा अवघड अर्धा भाग तेथून पुढें सुरू होतो.

याच सोनारांच्या दुकानांतून छपाईची एक शाखा निघाली असें व्हासारी नांवाच्या इटालियन चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. फिनिगुएरा नांवाच्या सोनारानें कोरींव पत्र्यांत काजळी भरून त्यावर ओला कागद दाबला व नक्षीचा ठसा कागदावर घेतला, अशी ती कथा आहे. या शोधाचें श्रेय एकट्या फ्लॉरेन्सला देतां येत नाहीं, हें पुढील संशोधनानें ठरलें. कारण १४४६ हें साल घातलेला कोरींव ताम्रपत्र्याचा जर्मन ठसा उपलब्ध आहे. श्रेय कोणाचेंही असो, क्रिया तीच: कोरा, भरा, पुसा. फरक इतकाच कीं सोनार भरलेलें आहे तेथेंच कायम ठेवतो, आणि छापणारा तें कागदास देऊन टाकतो व पुनः भरतो. आपल्या महाराष्ट्रांत देवनागरी ग्रंथ छापण्याचा जो आरंभींचा प्रयत्न झाला तोही याच जातीचा होता. पुण्यांत नाना फडणविसांच्या काळीं एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून घेण्यास आरंभ झाला. तें काम तेथें पुरें झालें नाहीं. पुढें मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानें तें सिद्धीस गेलें, आणि १८०५ सालीं मिरजेस गीता छापली गेली. त्या तांबटानें अक्षरें उलटीं कोरलीं हें कौतुकाचें खरेंच. पण प्रत्येक प्रतीच्या वेळीं पत्र्यांत शाई भरणारा व पत्रा बेतानें पुसणारा हातही तितकाच पक्का असावा लागतो. जास्त पुसलें तर अक्षर तुटतें. कमी पुसलें तर सबंध पान काळवंडतें.

तिसरी साक्ष बीदरची. तेथील काम उलट्या पद्धतीचें असल्यामुळें विशेष बोधक आहे. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, त्यावर मोरचुदाचें पाणी लावून भुई तात्पुरती काळी करतात, आणि तिच्यावर नक्षी काढून छिन्नीनें खोदतात. खोदलेल्या घरांत रुप्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात आणि सर्व घांसून एकसपाट करतात. या वेळीं भांडें करड्या रंगाचें व रुपें त्याहून थोडें पांढरें, असा प्रकार असतो; नक्षी असून नसल्यासारखी. मग किल्ल्यांतील विशिष्ट माती व नवसागर यांचा लेप देतात. त्यानें जस्ताची भुई कायमची काळी होते, रुप्यास मात्र धक्का लागत नाहीं. ताडपत्रांत भरण काळें व भुई पांढरी. बिदरींत भरण पांढरें व भुई काळी. भरण कोणतें असावें हा प्रश्न एकट्या भरणाचा नसून तें ज्या भुईवर बसावयाचें तिच्याशीं त्याचा संबंध काय, याचा आहे. झरणीवर नांव भरतांना रंग निवडावयाचा असतो तेव्हां हाच प्रश्न पुनः पुढें येतो.

आतां झरणीकडे वळूं. झरणीचें अंग प्रथम ज्या द्रव्याचें होऊं लागलें तें एबोनाइट. रबरांत गंधक घालून तें तापविलें म्हणजे टिकाऊ होतें, हा चार्ल्स गुडइयरचा शोध. त्याचें पेटंट १८४४ चें. गंधकाचें प्रमाण पुष्कळ वाढवून तें बराच वेळ तापविलें म्हणजे शिंगासारखें कठीण द्रव्य होतें; त्याचें पेटंट त्याचा भाऊ नेल्सन यानें १८५१ सालीं घेतलें. लुइस वॉटरमननें झरणीचें पेटंट १८८४ सालीं घेतलें, तेव्हां हें द्रव्य कातारी लोकांस सोयीचें म्हणून तयारच होतें. तें सुबक कांतलें जातें, शाईनें खात नाहीं, व त्यावर जिल्हई उत्तम चढते. कारखान्यांत त्यावर यंत्रानें लहरींची नक्षी कोरीत, आणि कर्त्याचें नांव व पेटंटाचें साल तापलेल्या ठशानें दाबून उठवीत. परंतु या द्रव्यास एक खोड आहे. उन्हांत व ओलाव्यांत राहिलें म्हणजे त्याचा काळा रंग उतरून तपकिरी होतो.

या खोडीवर जपानांत जो उपाय निघाला त्यानें झरणीच्या इतिहासांत एक सुंदर प्रकरण घातलें. नामिकी र्‍योसुके व वादा मासाओ यांनीं १९१८ सालीं आपला झरण्यांचा कारखाना काढला; पायलट हें नांव त्याचेंच. एबोनाइटाचा रंग उतरूं नये म्हणून त्यांनीं त्यावर उरुशीचा, म्हणजे तेथील एका झाडाच्या चिकाचा, लेप देण्याची युक्ति काढली. आणि लेप द्यावयाचाच तर त्यावर पिढीजाद कारागिरांकडून सोन्याची चित्रें कां काढून घेऊं नयेत, असा विचार केला. १९३० सालीं लंडनच्या डनहिल पेढीशीं त्यांचा करार झाला व या झरण्या युरोपांत पसरल्या. यांतील मुख्य कला ओल्या उरुशीवर सोन्याची पूड शिंपडण्याची, तिला माकीए म्हणतात. ती कोरण्याची नव्हे. परंतु तिची दुसरी बहीण चिंकिन ही आमच्या विषयांतलीच आहे. ही मूळची चीनमधील व पुढें जपानांतील वाजिमा गांवीं विशेष भरभराटलेली. वाळून कठीण झालेल्या उरुशीच्या थरांत टोंकदार हत्यारानें रेघा कोरावयाच्या, त्यांत पातळ उरुशी चोळावयाची, वरची पुसून घ्यावयाची, आणि खळग्यांत राहिलेल्या चिकट चिकावर सोन्याचा वर्ख किंवा पूड दाबावयाची. सपाट भागावरचें सोनें पुसलें जातें, रेघेंतलें चिकटून बसतें. कांहीं काळानें झरण्यांवरही चिंकिनचें काम होऊं लागलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. उरुशी उन्हांत ठेवून सुकत नाहीं. ती दमट हवेंत कठीण होते, आणि म्हणून कारागीर ती ओलसर कपाटांत ठेवतात. भरणारानें घाई करून उपयोग नाहीं. ज्या द्रव्यानें भरावयाचें त्याचा स्वभाव ओळखून त्याच्या कलानें थांबावें लागतें. कोरणारास आपला वेग आपण ठरवितां येतो. भरणारास तो द्रव्याकडून मागून घ्यावा लागतो.

हिंदुस्थानांत हातानें झरण्या कांतण्याचा उद्योग स्वदेशीच्या चळवळींत वाढला. गोदावरीकांठच्या राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम यांनीं केलेली झरणी कुमारप्पांच्या मार्फत गांधीजींकडे गेली, आणि १९३५ सालीं वर्ध्याहून गांधीजींनीं पत्र लिहून, ती आपण वापरली व ती परदेशी झरण्यांची जागा घेण्यास योग्य दिसते, असा अभिप्राय दिला. ही हकीकत सर्वश्रुत आहे. आपल्याकडील शहरांत झरण्यांच्या दुकानाशेजारीं बसून गिऱ्हाइकाचें नांव कोरून देणारा कारागीर हा आमच्या पिढीस चांगला आठवतो. बारीक कोरणीनें तो नांव ओढी, त्यांत पांढरा किंवा सोनेरी रंग चोळी, आणि आंगठ्यानें पुसून झरणी हातांत देई. त्याची अक्षरें छापील नसत. ‘श्री’चा फांटा कधीं लांबे, कधीं आंखडे. भांड्यांवर नांवें घालणारे त्याचेच भाऊबंद. त्या भांड्यांच्या अक्षरांत रंग कोणी भरीत नसे. तो चुलीच्या काजळीनें व वर्षानुवर्षांच्या घांसण्यानें आपोआप भरे. आजीच्या नांवाचें पातेलें आज वाचतां येतें तें या अनामिक भरणामुळेंच.

या कारागिराची जागा ज्या किरणानें घेतली त्याची हकीकतही थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तींत महाराष्ट्राचा एक धागा आहे. लेसरच्या मुळाशीं असलेलें तत्त्व आइन्स्टाइननें १९१७ सालीं मांडलें. पहिला लेसर माणकाच्या कांडीचा. तो अमेरिकेंत मेमन यानें १९६० सालीं चालविला. परंतु लाकूड, रबर व अ‍ॅक्रिलिक यांवर जो किरण आज कोरकाम करतो तो बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. आणि तो १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत शोधून काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे चंद्रकुमार नारणभाई पटेल. त्यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला व अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं पुण्यास घेतली. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते व तो डोळ्यांस दिसत नाहीं. सेंद्रिय द्रव्यें त्यास चटकन शोषून घेतात व त्या जागीं इतकी उष्णता उत्पन्न होते कीं द्रव्याची वाफ होऊन जाते. जिल्हईदार धातु त्यास परतवून लावतो. म्हणून झरणीच्या धातूच्या पट्टीवर कोरावयाचें तर आंखूड तरंगलांबीचा दुसऱ्या जातीचा लेसर घ्यावा लागतो.

म्हणजे कोरण्याचें काम आतां घटकेचें झालें, यांत शंका नाहीं. परंतु किरण झरणीवर नांव कोरून थांबतो तेव्हां जें हातांत येतें तें नांव नसतें; ती एक करपलेली जखम असते. एबोनाइटांतून गंधकाचा उग्र वास येतो व खळग्याच्या कडेनें काजळी धरते. लाकडाच्या खळग्याचा तळ कोळशासारखा काळा असतो. झरणी वाटोळी असल्यामुळें ती फिरत्या आंसावर न धरतां तशीच ठेवून कोरली तर मध्यावर किरणाचा नेम साधतो व दोन्ही कडांस तो सुटतो; तेथें रेघ उथळ पडते. द्रव्य ओळखल्याशिवाय किरण लावणें तर धोक्याचेंच आहे. जुन्या सेल्युलॉइडच्या झरणीवर तो कधींही लावूं नये, कारण तें द्रव्य भडकन पेट घेतें. यापुढें जें करावयाचें तें हातानें, आणि तें पायरीपायरीनें.

पहिली पायरी कोरण्यापूर्वींची. लाकडाची झरणी असेल तर तिचे रंध्र आधीं रोगणानें बुजवून घ्यावे लागतात. नाहीं तर भरलेला रंग तंतूंच्या वाटेनें पसरतो आणि अक्षरास पाय फुटतात. कित्येक कारागीर जिल्हई दिलेल्या अंगावर चिकटपट्टी लावून तिच्यातूनच कोरून घेतात. धूर पट्टीवर बसतो व पुढें रंगही पट्टीवरच सांडतो. दुसरी पायरी साफ करण्याची. मऊ कुंचल्यानें काजळी काढावयाची. ती राहिली तर रंग काजळीस चिकटतो, झरणीस नाहीं, आणि महिन्या दोन महिन्यांत खपली निघावी तसा निघून येतो. अ‍ॅक्रिलिकच्या नुकत्याच कोरलेल्या अंगास मद्यार्क लावणें घातक, कारण त्यानें बारीक बारीक तडे जातात. तेथें साबणाचें पाणी बरें. तिसरी पायरी भरण्याची. रंग घट्टसर असावा, तो रेघेला आडवा ओढून दाबावा, म्हणजे खळग्यांत हवा कोंडत नाहीं. कोणी पाण्यांत कालवितां येणारा रंग वापरतात, कोणी सोनेरी मेण, तर कोणी इपॉक्सी राळेंत पितळेची किंवा तांब्याची पूड कालवून भरतात.

चौथी पायरी थांबण्याची, आणि येथेंच पुष्कळांचें काम बिघडतें. रंगांतील पाणी किंवा तेल उडून गेलें म्हणजे रंग आटतो व खळग्याच्या मध्यें खोलगट बसतो. एकदां भरून भागत नाहीं. वाळूं द्यावें, पुनः भरावें, पुनः वाळूं द्यावें. पांचवी पायरी एकसपाट करण्याची. अत्यंत बारीक कांचकागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें फिरवावयाचा, आणि उत्तरोत्तर अधिक बारीक घेत जावयाचें. खळग्याची खोली बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. फार घांसलें तर भरण तर जातेंच, पण खळगाही उथळ होऊन अक्षराची कड नाहींशी होते. उलट आधींच फार खोल कोरलें तर झरणीची भिंत पातळ होऊन आंतली पितळी नळी दिसूं लागते. शेवटीं जिल्हई, लाकडावर वरून पारदर्शक रोगणाचा हात. देवनागरी अक्षरांस तर याहूनही जपावें लागतें. ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारख्या अक्षरांत दोन रेघांमधली भुई केंसाएवढी राहते. ती तुटली कीं भरण एकत्र होऊन अक्षराचा डाग होतो. शिरोरेघेखालचीं लहान पोकळ घरें रंगानें बुजलीं तर ‘ध’चा ‘घ’ व ‘भ’चा ‘म’ वाटावयास वेळ लागत नाहीं.

या ठिकाणीं आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. यंत्रास अक्षर कळत नाहीं; दिलेल्या आकृतीप्रमाणें तें रेघा जाळीत जातें. प्राचीन काळींही पुष्कळ कोरणारे निरक्षर असत, आणि खडूनें वा गेरूनें आंखून दिलेल्या अक्षरांवर हत्यार चालवीत. ताम्रपटांत ज्या विचित्र चुका आढळतात त्यांचें हें एक कारण आहे. परंतु जो भरतो त्यास वाचल्याशिवाय गत्यंतर नसतें. कोणता खळगा अक्षराचा आणि कोणता ओरखडा चुकून पडलेला, कोणतें घर मोकळें ठेवावयाचें आणि कोणतें बुजवावयाचें, हें त्यानें ठरवावयाचें असतें. कोरणारा लिहितो, भरणारा वाचतो. आणि वाचणाराची जबाबदारी लिहिणाराहून हलकी नसते.

ही जबाबदारी किती मोठी आहे तें शिलालेखांच्या अभ्यासकांस विचारावें. लेखाचा ठसा घेण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी कीं, दगडावर ओला कागद ठोकून बसवावयाचा व वरून शाईची पोटीस फिरवावयाची. सपाट भाग काळा होतो, खळगे पांढरे राहतात, आणि दगडास इजा होत नाहीं. परंतु गांवोगांवीं भाविक मंडळी देवळांतील लेखांच्या अक्षरांत तैलरंग भरून ठेवतात. हेतु चांगला असतो. परिणाम चांगला होतोच असें नाहीं. झिजलेल्या अंकाचा एखादा फांटा रंगवाल्यानें आपल्या समजुतीनें पुरा केला तर १ चा ९ होतो, आणि लेखाचा काळ एका ब्रशाच्या फटकाऱ्यासरशीं आठ वर्षें किंवा आठ शतकें सरकतो. पुढें येणारा वाचक दगड वाचीत नाहीं. तो रंग वाचतो. भरणाराचें वाचन अशा रीतीनें दगडावर चढून बसतें, व मूळ लेखाचा आवाज त्याखालीं दबून जातो.

घरांतल्या झरणीची गोष्ट याच जातीची आहे. आजोबांची काळी झरणी कपाटांत सांपडते. तिजवरचें नांव फिकट झालेलें असतें, आणि नातवास वाटतें कीं, तें लेसरनें पुनः ठळक कोरून घ्यावें. आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे कीं, तसें कदापि करूं नये. कोरलेलें परत घेतां येत नाहीं. भरलेलें परत घेतां येतें. जुन्या रेघेवर नवी रेघ ओढली कीं त्या कारागिराच्या हाताचें वळण, त्याच्या कोरणीची लचक, त्या काळच्या अक्षराची ठेवण, हें सारें कायमचें गेलें. झरण्यांचे जाणते संग्राहक जुन्या ठशांत मऊ पांढरें मेण किंवा खडू भरून तें कोरड्या कापडानें पुसतात. नांव वाचतां येतें. आणि उद्यां कोणास वाटलें कीं भरण चुकलें, तर तें सहज काढतां येतें. ताडपत्रावर काजळ फिरविणारांनीं जें केलें तेंच हें. ऐतिहासिक वस्तूंचें जतन करणारांचा आधुनिक दंडक तरी दुसरें काय सांगतो? जें कराल तें उलटवितां येईल असें करा, इतकेंच.

आतां आरंभीं घेतलेल्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. लेसरनें नांव कोरलेली झरणी हातकामाची म्हणावी कीं नाहीं? कोरण्यांतला हात गेला, हें मान्य केलें पाहिजे. आणि त्याबरोबर ज्या कारागिराची रोजी गेली त्याविषयीं हळहळही वाटली पाहिजे. परंतु बीदरच्या कारागिरापासून वाजिमाच्या कारागिरापर्यंत सर्वांनीं जी गोष्ट महत्त्वाची मानली ती, म्हणजे द्रव्याचा स्वभाव ओळखून थांबणें, अक्षर वाचून भरणें, आणि घांसतांना कोठें हात आवरावा हें जाणणें, ती कोणत्याही किरणास अजून साधलेली नाहीं. ज्या झरणीवर हें काम मन लावून झालें असेल ती हातकामाची, मग तिची रेघ कोणीं कां ओढलेली असेना. आणि जिच्यावर किरण फिरवून रंग फांसला व पुसून टाकला, ती अंगानें हातची असली तरी अक्षरानें बाजारचीच.

एक लहानशी सूचना करून हा लेख पुरा करतों. झरणी कांतणाराचें नांव पेटीवर असतें, भेट देणाराचें व घेणाराचें नांव झरणीवर असतें. त्या नांवांत ज्यानें रंग भरला त्याचें नांव निदान पेटींतल्या चिठ्ठीवर लिहून ठेवण्याची वहिवाट दुकानदारांनीं पाडावी. आणि कोणत्या द्रव्यानें भरलें आहे तेंही त्याच चिठ्ठीवर नमूद करावें, म्हणजे पन्नास वर्षांनीं तें भरण सुटलें तर पुनः भरणारास चांचपडावें लागणार नाहीं. ताम्रपट कोरणाराची आठवण जशी त्याच्या लेखाच्या अखेरीस राहिली, तशी भरणाराची आठवण एका चिठ्ठींत राहावी, यांत फारसें मागितलें असें आम्हांस वाटत नाहीं.